दिवस दहावा, उत्तर नाही

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ७

कालच्या पोस्टला एकशे बारा लाइक. ईशानीने तिच्या फोनवर पाहून पुष्टी केली. माझ्या फोनवर एकशे अकराच दिसत होते. एकशे बारावा तिचाच असणार. विचारलं तर म्हणाली, मी तर तुम्हाला म्यूट करून ठेवलंय बाबा. म्यूट म्हणजे आवाज बंद. वाचता येतंच.

पोस्टचा विषय: मुदत ठेव आणि चारित्र्य. 'मराठी मनाचा कट्टा' या ग्रुपात बत्तीस हजार माणसं आहेत, बहुतेक महाराष्ट्रातली. काशीतून मी एकटा. जबाबदारी आहे.

इंटर कॉलेजात सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतो. मुलं ऐकत नाहीत, हे मान्य. बत्तीस हजार ऐकतात.

संकल्प: दिवसाला वीस मिनिटं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. बाकी वेळ वाचन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वीस मिनिटांत बसत नाही. दोष माझा नाही. प्रसन्न खांबेटे, सांगली, असा एक मनुष्य उगवला आहे. त्याने माझ्या पोस्टखाली लिहिलं, काका, ठेवीवर व्याज मिळतं ते महागाई खाते, उरतं त्यावर कर. मग हातात चारित्र्यच राहणार ना.

त्याला दोनशे लाइक. लोकांना विनोद आणि अर्थशास्त्र यातला फरक कळत नाही.

'काका' लागलं. मी एक्कावन्नचा. हा फोटोवरून चाळिशीचा तरी आहे.

उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चाळीस मिनिटं. उद्याची वीस आजच वापरली असं धरलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

देवदिवाळी. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. आपल्या घरातल्या खालच्या दोन्ही खोल्या यजमानांनी भरलेल्या. उपाध्येपण श्रीरामदादा सांभाळतात, ते थोरले. महाराष्ट्रातून धर्मकृत्याला आलेली माणसं आमच्याकडे उतरतात, जेवतात, जातात. पणजोबांपासून हेच. मी शिकलो म्हणून त्यातून सुटलो. पंगतीत वाढायला मात्र असतो.

वाढताना खिशात फोन वाजत होता. आमच्या सौ. नीरजा म्हणतात, मी वरणाच्या जागी ताक वाढलं. भातावर ताक वाढतातच. शेवटी वाढतात, एवढाच फरक.

ग्रुपात नाशिकच्या एका बाईने लिहिलं, या गृहस्थांनी आधी मराठी शिकावं, हे 'तय केलं' काय असतं. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या दूधविनायकच्या गलीत मराठी बोलतं. उत्तर तयार करेपर्यंत प्रसन्न मध्ये पडला. काकांची मराठी गोड आहे, म्हणे, मुद्दे कडू आहेत.

यात काहीतरी डाव आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजू बदलून पाहिली. संस्कृतीकडे वळलो. टीव्हीवर लहान मुलांचा गाण्याचा कार्यक्रम असतो. पोर गातं, आई रडते, परीक्षक रडतात. रडणं विकायला काढलं आहे, असं लिहिलं. हा कार्यक्रम मी पाहत नाही, असंही लिहिलं. (सगळे भाग पाहिले आहेत. अभ्यास म्हणून.)

प्रसन्नचं उत्तर चार मिनिटांत. तो त्याच कार्यक्रमाचा एडिटर निघाला. रडण्यामागची बासरी मीच लावतो काका, म्हणाला, कालच्या भागात तुम्ही कितव्या मिनिटाला रडलात ते सांगा, पुढच्या वेळी तिथे वाढवतो.

मी रडलो नव्हतो. नीरजा मागून वाचत होती. म्हणाली, बाराव्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

त्याचं शिक्षण शोधून काढलं. त्यानेच सांगितलं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात सोडून एडिटिंगचा डिप्लोमा. वडील गणिताचे शिक्षक. म्हणजे शिक्षकाच्या घरात हे घडलं.

शिक्षण या विषयावर तीन भागांत लिहिलं. पहिला भाग: पदवीला पर्याय नाही. दुसरा: मातृभाषेत शिकावं. तिसरा लिहायला घेतला तेव्हा ईशानीने विचारलं, बाबा, मी कॉन्व्हेंटमध्ये जाते ते लिहू का खाली? तिला सांगितलं, तो प्रश्न वेगळा आहे, तिथे जागा मिळत होती.

तिसरा भाग तूर्त स्थगित.

संकल्प: वीस मिनिटांचा नियम सोमवारपासून काटेकोर.

१० नोव्हेंबर, सोमवार

सहामाही परीक्षा. वर्गावर पर्यवेक्षण करताना प्रसन्नला एकच उत्तर द्यायचं होतं, एकच दिलं. त्यावर त्याचं आलं, मग त्याचं उत्तर देणं भाग होतं. मागच्या बाकावर काय चाललं होतं ते मला कसं दिसणार? प्रिन्सिपलसाहेबांनी पाहिलं. म्हणाले, मास्टर साहब, मुलं कॉपी करतात आणि तुम्ही पेस्ट.

संध्याकाळी निर्णायक पाऊल उचललं. लिहिलं: पडद्यामागून बासऱ्या वाजवणाऱ्यांनी समोर यावं. दम असेल तर काशीला या. दूधविनायक, वाराणसी. गलीत कोणालाही विसूभाऊ मास्तर म्हणून विचारा. दार उघडं आहे.

एकशे ऐंशी लाइक. असं स्वच्छ आव्हान ग्रुपात याआधी कोणी दिलेलं नसावं.

नीरजा म्हणाली, अहो, तो घरचा पत्ता आहे. मी म्हटलं, त्यातच तर दम आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्याचं उत्तर उशिरा आलं आणि लहान आलं. सध्या धावपळीत आहे काका, नंतर बोलू, असं. माघारीची भाषा मी ओळखतो.

घाव घालण्याची वेळ होती. लिहिलं: तुमच्या वडिलांना विचारा. मुलाच्या शिक्षणावर घातलेला पैसा मातीत गेला, हे दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नसेल. आम्ही शिक्षक माणसं सांगत नाही.

जरा जास्त झालं का? दोनदा वाचलं. नाही. वाक्य चांगलं उतरलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळी ६

दिवसभरात उत्तर नाही. चौदा वेळा पाहिलं. (वीस मिनिटांच्या आत.)

ग्रुपात जाहीर केलं: दिवस पहिला. सांगलीहून उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवस तिसरा. उत्तर नाही. पंचाण्णव लाइक.

घरी कचौड्या आणल्या. कारण सांगितलं नाही. ईशानी म्हणाली, बाबा जिंकले वाटतं. हसून टाळलं. विजय अंगावर मिरवू नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवस सहावा. नाशिकच्या त्याच बाईंनी विचारलं, अहो, तो माणूस आजारी वगैरे नसेल ना. मी लिहिलं, हरलेल्या माणसाला बहुतेक ताप येतोच. बाईंनी अंगठा दिला नाही. काही लोकांना निकाल लागलेला आवडत नाही.

पोस्ट मी स्टोरीतही टाकतो. तेजश्री खांबेटे नावाची कोणी रोज ती पाहून जाते. काही लिहीत नाही. त्याची बहीण असावी. घरातूनच फूट पडली आहे.

संकल्प: आता वीसचं दहा करायला हरकत नाही. लढाई संपली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवस दहावा.

आज केवळ आकडा टाकून चालणार नव्हतं. आमच्या घरात दहावा म्हटला की काय समजतात ते सांगायला नको. अर्धं आयुष्य दादांना पिंडाचा भात करून दिला आहे. त्या अनुभवातून लिहिलं: आज दहावा. प्रसन्नरावांच्या मुद्द्यांचा पिंड घाटावर ठेवला आहे. कावळासुद्धा शिवायला तयार नाही.

तीनशे चार लाइक. आजवरचा विक्रम. एकाने लिहिलं, मास्तर, हे काशीचा माणूसच लिहू शकतो. हे खरं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दादा वर आले. ते कधी वर येत नाहीत, गुडघे दुखतात. त्यांना कोणा यजमानाने माझी पोस्ट फोनवर दाखवली होती. म्हणाले, विसू, दहाव्याची थट्टा आपल्या घरात करत नाहीत. लोक रडत येतात, आपण तो भात शिजवतो, त्यावर आपण जेवतो. मी म्हटलं, दादा, हे प्रतीकात्मक आहे. ते म्हणाले, कावळा प्रतीकात्मक नसतो. आणि पायऱ्या उतरून गेले. उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

दादांना सोशल मीडिया कळत नाही. नीरजा आज माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिलाही कळत नाही.

पोस्ट तशीच ठेवली. तीनशे नऊ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिवस तेरावा. लिहिलं. चार लाइक. लोक दुसऱ्याच भांडणाकडे गेले आहेत. एका नटीच्या लग्नाचा खर्च. त्यावर माझंही एक मत आहे, पण आज इच्छा झाली नाही.

थोडं सुनं वाटलं. असाच कोणी दुसरा प्रतिपक्ष मिळाला तर बरं. प्रसन्नचं लिहिणं हलकं होतं, पण वाट पाहण्यासारखं होतं. हे इथेच राहू दे.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी १०

जसं झालं तसं लिहितो.

आठ वाजता दारावर थाप. उघडलं. एक माणूस, डोकं तासलेलं, छातीशी कापडी पिशवी धरलेली. वाटलं, दादांचे यजमान. म्हटलं, या, गुरुजी खालच्या खोलीत आहेत. तो म्हणाला, विसूभाऊ मास्तर इथेच ना? गलीत पहिल्या माणसालाच विचारलं, त्याने बरोबर आणून सोडलं. मी प्रसन्न. सांगलीचा. तुम्ही पत्ता दिला होता.

मी दाराची कडी धरली. माणूस चालून आला आहे असं वाटलं. त्याने हात वर केला तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो. तो पिशवीचा बंद खांद्यावर सरकवत होता.

मी म्हटलं, चर्चा शांतपणे व्हायला हवी. (हे मी म्हटलं. खोडत नाही.)

तो म्हणाला, हो, करू. पण आधी हे कुठे ठेवू? बाबा आहेत.

दादा तोवर पायऱ्यांपाशी आले होते. अस्थी घरात आणत नाहीत. त्यांनी पिशवी हातात घेतली, ओसरीबाहेरच्या खुंटीला टांगली आणि त्या माणसाला पाठीवर हात ठेवून आत नेलं. नीरजाने पाणी दिलं. मी कडी धरून तिथेच होतो.

मग दादांनी वही काढली. नाव? प्रल्हाद खांबेटे. गोत्र सांगितलं. कधी गेले? बारा नोव्हेंबर, पहाटे. दादा म्हणाले, म्हणजे कार्तिक वद्य अष्टमी. लिहून घेतलं. दहावा कुठे केला? सांगलीत, नदीवर, एकवीस तारखेला.

दादांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नीरजा भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मी बोटांवर मोजलं. बारा पहिला. एकवीस दहावा. चोवीस तेरावा. रोज बरोबर मोजले होते.

दुपारी १

न्हाणीघरात बसून तेराच्या तेरा पोस्ट काढून टाकल्या. दहाव्याची आधी. 'नक्की काढायची का' असं फोन दर वेळी विचारतो. दर वेळी हो म्हणावं लागतं.

बाहेर आलो तर ईशानी दारात. बाबा, क्या फायदा, म्हणाली, लोकांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेत. मी विचारलं, कोणी? ती म्हणाली, मीसुद्धा घेतला होता, मैत्रिणींना दाखवायला. तेव्हा मला माहीत नव्हतं. मला गंमत वाटली होती. आणि रडायला लागली. गंमत माझी होती.

संध्याकाळी ५

जेवताना मीच वाढलं. क्रम चुकला नाही.

प्रसन्न बोलत होता. वडील वीस दिवस हॉस्पिटलात होते. टीव्ही नाही, पेपर वाचवत नव्हता. हा त्यांना रोज आमचं भांडण वाचून दाखवायचा. वडील बहुतेक वेळा माझ्या बाजूने. मुदत ठेवीवर तर पूर्णच. मास्तर बरोबर बोलतोय रे, म्हणायचे, तुलाच हिशेब येत नाही. बासरीवर मात्र हसले. 'कितव्या मिनिटाला रडलात' हे त्यांनी शेजारच्या कॉटवाल्यालाही सांगितलं. मी पत्ता दिला त्या दिवशी म्हणाले, माणूस दार उघडं आहे म्हणतोय, काशीला गेलास तर त्याच्याकडेच उतर, आपलं तिथे दुसरं आहे कोण.

भात संपेपर्यंत मी उभा होतो. मग विचारलं, शेवटची कमेंट वाचून दाखवलीत का त्यांना? अकरा तारखेची?

प्रसन्न म्हणाला, नाही. ती गाळली. त्यांनी विचारलं, आज मास्तरांचं काही नाही का. मी म्हटलं, आज त्यांना काम आहे. म्हणाले, परीक्षा असतील.

त्याने ताक मागितलं. मी आणायला गेलो आणि बराच वेळ आलो नाही. नीरजाने नेऊन दिलं.

नंतरच्या पोस्टबद्दल त्याने काही काढलं नाही. मीही काढलं नाही. त्याने पाहिल्या नसतील अशी शक्यता आहे. सुतकात माणूस फोन बघत नसावा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ६

माफीची पोस्ट लिहायला चारला उठलो. पहिला मसुदा तीनशे शब्द. त्यातला दुसरा परिच्छेद 'मुदत ठेवीबाबतचे माझे मत कायम ठेवून' असा सुरू होतो. तो काढला. दुसऱ्या मसुद्यात 'अनवधानाने' तीनदा आलं. तिसरा बरा होता. नीरजाला दाखवला. तिने चहा गाळता गाळता वाचला. म्हणाली, अहो, यात हे 'तथापि' कशाला? मी म्हटलं, ओघात आलं. ती म्हणाली, तुमचा ओघ जरा बंद ठेवा. आणि बत्तीस हजार लोकांची कसली माफी मागताय? माणूस खाली झोपला आहे.

संकल्प: उठला की बोलायचं. पोस्ट नाही.

सकाळी ९

उठला. बोललो. म्हणजे विचारलं, झोप लागली का, डास होते का. डास नव्हते. गच्चीवर जाऊन आला. म्हणाला, नदी इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी ४

शेवटी ओसरीवर बोललो. एका वाक्यात: ती अकराची कमेंट आणि नंतरचं सगळं, विशेषतः दहाव्याचं, मी लिहायला नको होतं. ओघ नाही, तथापि नाही.

त्याने खुंटीकडे बघितलं. मग म्हणाला, दहाव्याचं मी घाटावरच पाहिलं. कावळा खरंच शिवत नव्हता. तासभर बसलो होतो. बाबांची काय इच्छा राहिली असेल ते कोणाला सुचेना. तेवढ्यात ताईच्या फोनवर तुमचं आलं. मग मी म्हटलं, बाबा, त्या मास्तरांकडे घेऊन जातो तुम्हाला. बोललो होतो, ते करतो.

मी विचारलं, मग शिवला?

म्हणाला, शिवला. योगायोग असेल. ताईला पटत नाही. ती म्हणते, त्या दारात पाय ठेवायचा नाही.

आज पहिल्यांदा उत्तर देण्याची इच्छाच झाली नाही. ही सुधारणा समजावी, की नुसतं गप्प बसणं, ते तय करता येत नाही.

संध्याकाळी ७

अस्थिविसर्जन उद्या अकरा वाजता, संकठा घाटावरून नावेने. नाव दादांनी ठरवली. तेजश्रीताई येते आहे. भावाने काल फोनवर बरंच समजावलं, मग कबूल झाली, पण घरात येणार नाही, सरळ घाटावर नेऊन पोचवा म्हणाली. सकाळी सव्वानऊची गाडी. दादांचे गुडघे, प्रसन्नला विधीची तयारी, तेव्हा स्टेशनवर घ्यायला मी जायचं, असं दादांनी सांगितलं. सुचवलं नाही, सांगितलं.

गर्दीत चुकामूक नको म्हणून प्रसन्नला म्हटलं, माझा एक फोटो त्यांना पाठवून ठेवा. तो म्हणाला, गरज नाही मास्तर. तेरा दिवस रोज तुमचं पान उघडून बसत होती. ती ओळखेल.

साडेआठला निघायचं आहे.